परवाना बदलायचा, तर सह्या कुणाच्या?

परीक्षा विभागाच्या फलकावर, हॉलतिकिटांच्या सूचनेला अर्धवट झाकत, एके दिवशी एक परिपत्रक लागलं. संस्थेत विकसित झालेल्या आसनव्यवस्था प्रणालीचे सर्व हक्क संस्थेकडे आहेत. तिला पूर्वी दिलेला मुक्त परवाना आजपासून रद्द समजावा. संबंधितांनी नोंद घ्यावी. खाली सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक. मी तेव्हा त्या महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवत होतो आणि ‘संबंधितां’पैकीच होतो, तरी मला ते चहाला जाता जाता कळलं. महाविद्यालय पुण्यातलं. नाव सांगत नाही, कारण ज्यांनी ते परिपत्रक काढलं ती काही वाईट माणसं नव्हती. त्यांना मनापासून वाटत होतं की जे संस्थेच्या लॅबमध्ये, संस्थेच्या विजेवर तयार झालं ते संस्थेचं, आणि आपल्या वस्तूचं काय करायचं ते आपण ठरवायचं.

ही समजूत पुण्यातल्या बऱ्याच प्राचार्यांच्या, कुलसचिवांच्या आणि खरं सांगायचं तर प्राध्यापकांच्याही डोक्यात घट्ट बसलेली आहे. ती कायद्याने चुकीची आहेच, पण व्यवहारानेही चुकीची आहे, आणि जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठांनी तिची किंमत मोजून झालेली आहे. विद्यापीठात तयार झालेल्या सॉफ्टवेअरचा ओपन सोर्स परवाना, म्हणजे कोड कुणालाही वापरू, बदलू आणि वाटू देणारा मुक्त परवाना, बदलता येतो. पण तो कार्यालयाला बदलता येत नाही. तो ज्यांनी कोड लिहिला त्यांनाच बदलता येतो.

सॉफ्टवेअर तसं साधं होतं. विद्यापीठाच्या परीक्षेला कोण कुठल्या ब्लॉकमध्ये बसणार, शेजारच्या बाकावर त्याच विषयाचा मुलगा येत नाही ना, बॅकलॉगवाल्यांचं काय, लेखनिक घेणाऱ्या मुलाला तळमजला मिळाला का, आणि ज्युनियर सुपरवायझरची ड्यूटी आठवड्यात तीनदा एकाच मॅडमच्या माथी येत नाही ना, एवढंच ते ठरवायचं. त्याआधी हे काम दोन क्लार्क आणि एक एक्सेल शीट मिळून रात्री जागून करत. तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांनी मिनी प्रोजेक्ट म्हणून ते लिहायला घेतलं. ती मुलं मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत भरणाऱ्या ‘ग्नुनिफाय’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या मेळाव्याला जाऊन आली होती, तिथं पुणे लिनक्स युजर्स ग्रुपची मंडळी त्यांना भेटली होती, आणि परत आल्यावर त्यांनी प्रत्येक फाइलच्या माथ्यावर जीपीएलची तिसरी आवृत्ती चिकटवली. जीपीएल म्हणजे असा मुक्त परवाना: वापरा, बदला, वाटा, पण बदलून किंवा दुसऱ्या प्रणालीत जोडून वाटलंत तर तेही याच अटींवर वाटा. मला विचारलं, मी हो म्हटलं. जीपीएलच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत फरक काय, हे तेव्हा मला स्वतःला धड सांगता आलं नसतं. पुढच्या बॅचेस भर घालत गेल्या. साताऱ्याकडच्या एका कॉलेजातल्या सरांनी छपाईचा सगळा भाग लिहून पाठवला, कारण त्यांना त्यांच्या परीक्षेसाठी तो हवा होता. होता होता गिटच्या, म्हणजे कुणी काय लिहिलं याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या, लॉगमध्ये सदतीस नावं झाली.

मग बाणेरची एक कंपनी आली. कॉलेजांना प्रवेशापासून निकालापर्यंतची प्रणाली विकणारी. त्यांना आमचा भाग हवा होता, आणि तो फक्त त्यांच्याकडेच राहायला हवा होता. देऊ केलेली रक्कम इथं लिहीत नाही. स्नेहसंमेलनाच्या मांडवाला त्याहून जास्त लागतात. परिपत्रक त्यातून निघालं.

‘परवाना’ या शब्दानेच आपला घात केला आहे, असं मला अलीकडे वाटू लागलंय. परवाना म्हटलं की डोळ्यांपुढे आरटीओ येतं. रिक्षाचा परवाना, खानावळीचा परवाना. देणारा वर बसलेला, घेणारा खाली उभा. देणाऱ्याच्या मनात आलं की निलंबित, आणखी मनात आलं की रद्द. कार्यालयातल्या माणसाने ‘मुक्त परवाना’ हे शब्द वाचले की ‘रद्द’ हा शब्द त्याला आपोआप सुचतो. पण जीपीएल ही त्या जातीची गोष्ट नाही. तिच्या तिसऱ्या आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की अटी पाळणाऱ्याकडून हे हक्क परत घेता येत नाहीत, कॉपीराइटची मुदत असेपर्यंत. साताऱ्याच्या सरांकडे असलेली प्रत त्यांची. ती ते वापरतील, दुरुस्त करतील, आणखी कुणाला देतील. पुण्यातल्या फलकावर काय लागलंय याच्याशी तिचा काही संबंध नाही. परवाना बदलणं म्हणजे फक्त एवढंच: यापुढच्या आवृत्त्या वेगळ्या अटींवर देणं. मागचं दिलेलं दिलंच.

आपल्याकडच्या जुन्या लेखनिकांना हे जास्त कळत होतं. भांडारकर संस्थेत किंवा कुठल्याही जुन्या वाड्यातल्या रुमालात बांधलेल्या पोथ्या ज्यांनी उघडल्यात, त्यांना शेवटच्या पानावरचा तो श्लोक पाठ असेल: ‘यादृशं पुस्तकं दृष्ट्वा तादृशं लिखितं मया। यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते॥’ जसं पाहिलं तसं उतरवलं, चूक असेल तर दोष माझा नाही. बीएसडी, एमआयटी, जीपीएल या सगळ्या परवान्यांच्या शेवटी मोठ्या अक्षरांत हेच असतं: आहे तसं घ्या, हमी नाही. (एमआयटी म्हणजे अमेरिकेतली. पुण्यात हा खुलासा करावा लागतो, नाहीतर समोरचा कोथरूडचा पत्ता सांगायला लागतो.) पोथी उतरवून घेणारा उतरवून गावी गेला, की मूळ पोथीच्या मालकाने ‘आजपासून उतरवणं रद्द’ असं म्हणून काय होणार होतं?

आता कायदा. तो मी वकील म्हणून सांगत नाही, परिपत्रकानंतर तीन आठवडे कागद वाचत बसलेला मास्तर म्हणून सांगतो. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. संगणक प्रणाली त्यात साहित्यकृतीत मोडते, म्हणजे कायद्याच्या लेखी सीटिंग अरेंजमेंटचा कोड आणि कादंबरी एकाच रांगेत बसतात. कलम १७ म्हणतं, पहिला मालक लेखक. अपवाद असा की नोकरीत असताना, नोकरीचं काम म्हणून काही लिहिलं आणि वेगळा करार नसेल, तर मालक नोकरी देणारा. इथंच गाडी अडते. विद्यार्थी नोकर नाही. त्याला संस्था पगार देत नाही, उलट तोच फी भरतो. लॅबची वीज संस्थेची म्हणून कोड संस्थेचा, हे म्हणणं म्हणजे सार्वजनिक वाचनालयात बसून लिहिलेली कविता वाचनालयाची म्हणण्यासारखं आहे.

हक्क दुसऱ्याला द्यायचे तर कलम १९ आहे. देणाऱ्याची लेखी सही हवी. तोंडी किंवा गृहीत धरून चालत नाही. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतंच. कुठल्याशा अर्जाच्या कोपऱ्यात ‘सर्व बौद्धिक संपदा संस्थेची’ अशी ओळ छापून निर्धास्त बसलेल्या संस्थांनी हे कलम एकदा वाचावं. शिक्षण मंत्रालयाचं २०१९ चं विद्यार्थी आणि प्राध्यापकांसाठीचं नवोपक्रम धोरणसुद्धा, संस्थेच्या सोयी भरपूर वापरल्या असतील किंवा काम अभ्यासक्रमाचा भाग असेल, तर निर्माते आणि संस्था यांची सहमालकी सांगतं. संस्थेची एकटीची मालकी तेही सांगत नाही.

आणि प्राध्यापक? कायम नोकरीतल्या माणसाचं एक वेळ ठीक आहे, त्याला पगार आहे. पण आमच्याकडे निम्मा भार तासिका तत्त्वावरच्या मुलामुलींनी ओढला. तासाला अमुक रुपये, तेही सत्र संपल्यावर कधीतरी. त्यातल्या एकीने ड्यूटी वाटपाचा सगळा अल्गोरिदम सुट्टीत घरी बसून लिहिला. ती शिकवण्यासाठी नेमलेली; सॉफ्टवेअर लिहिणं तिच्या आदेशात कुठंही नव्हतं. तिचं काम ‘नोकरीचा भाग’ कसं ठरवणार? ज्यांना दिवाळीत पगार नसतो त्यांच्या कोडवर मात्र संस्थेचा हक्क, हे मला पचलं नाही.

त्या वेळी मी प्राचार्यांना सातबाऱ्याचं उदाहरण दिलं होतं. सर मूळचे बारामतीकडचे, त्यामुळे ते लगेच लागू पडलं. उताऱ्यावर सदतीस नावं आहेत. त्यातल्या एकाने गाव सोडलं, एक परदेशात गेला, एकीचं लग्न होऊन नाव बदललं. जमीन विकायची तर काय करता? परिपत्रक काढता? नाशिकच्या बहिणीकडे जाऊन, चहा पिऊन, हक्कसोडपत्रावर तिची सही घेता. ती नाही म्हणाली तर तिचा तुकडा वगळता. एखादा खातेदार वारला तर वारसांकडे जाता. कॉपीराइटमध्येही लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो. सर म्हणाले, “अहो, पण हे तर नुसतं सॉफ्टवेअर आहे.” त्या ‘नुसतं’वरच आमचं खरं भांडण होतं.

बाहेरच्या जगात हा प्रयोग होऊन गेलाय, आणि एकाच विद्यापीठात दोन्ही बाजूंनी झालाय. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात १९९३ साली मोझेक हा ब्राउझर तयार झाला. चित्रं आणि मजकूर एकाच पानावर दाखवणारा, सामान्य माणसाला झेपणारा. मार्क अँड्रीसन आणि एरिक बिना यांनी तो लिहिला. अँड्रीसन तेव्हा विद्यार्थी होता. विद्यापीठाने मोझेक आपला मानला आणि व्यापारी हक्क स्पायग्लास नावाच्या कंपनीकडे सोपवले. पोरं निघून गेली. १९९४ मध्ये त्यांनी नवी कंपनी काढली, सगळा कोड पहिल्यापासून पुन्हा लिहिला. कंपनीच्या नावात ‘मोझेक’ होतं म्हणून विद्यापीठाने हरकत घेतली, तेव्हा नाव बदलून नेटस्केप ठेवलं. स्पायग्लासकडून घेतलेल्या कोडवर पुढे मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर उभा राहिला. विद्यापीठाच्या हातात काय राहिलं? आठवण.

त्याच केंद्रात, त्याच काळात, रॉब मॅककूलने वेब सर्व्हर, म्हणजे वेबसाइटची पानं ब्राउझरकडे पाठवणारा प्रोग्रॅम, लिहिला होता. तो मात्र मोकळा होता. मॅककूल १९९४ मध्ये केंद्र सोडून गेला, काम थंडावलं, पण कोड लोकांच्या हातात होता. ठिकठिकाणच्या वेबमास्तरांनी आपापले पॅच, म्हणजे दुरुस्तीचे तुकडे, एकमेकांना पाठवले, ते एकत्र केले, आणि १९९५ मध्ये त्यातून अपाची सर्व्हर निघाला, जो पुढे वर्षानुवर्षं जगातला सर्वांत जास्त वापरला जाणारा वेब सर्व्हर होता. एका कपाटातल्या दोन वस्तू. एकीला कुलूप लावलं, तिचे लेखक गेले. दुसरीचा लेखक गेला, तरी ती वाढली.

मिनेसोटा विद्यापीठाची गोष्ट त्याहून छोटी आणि जास्त बोचणारी. त्यांचं गोफर हे १९९१ चं. माहिती मेन्यूमधून उघडत जाण्याची पद्धत, आणि दोनएक वर्षं ती वेबच्या पुढे होती. १९९३ च्या सुरुवातीला विद्यापीठाने जाहीर केलं की गोफर सर्व्हर वापरणाऱ्या काहींकडून शुल्क घेऊ. ३० एप्रिल १९९३ ला जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेने वेबचा कोड सार्वजनिक मालकीत सोडून दिला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मिनेसोटाने अखेर २००० साली गोफर जीपीएलखाली दिलं, म्हणजे बस गेल्यावर थांब्यावर छत्री आणून ठेवली. गोफर हरण्यामागे तांत्रिक कारणंही होती, एकट्या शुल्काने ते मेलं असं मी म्हणणार नाही. पण ‘उद्या हे फुकट राहील का’ ही शंका एकदा मनात आली की माणूस आज दुसरं शोधायला लागतो.

ही शंकाच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या पाइन या ईमेल प्रोग्रॅमबरोबर पिको नावाचा मजकूर लिहायचा छोटा एडिटर यायचा. बदल करून पुढे वाटण्याबाबत परवाना आखडता होता, एवढंच निमित्त. १९९९ मध्ये कुणीतरी तसाच दिसणारा, पण मुक्त असा एडिटर लिहायला घेतला. आज लिनक्सवर पहिल्यांदा फाइल उघडताना विद्यार्थी ज्या नॅनोमध्ये अडकतो, तो हाच. पिको कुणाला आठवत नाही.

आता विरुद्ध बाजू, आणि ती पोकळ नाही. विद्यापीठांकडे पैसा नाही. मंजूर पदं भरली जात नाहीत, अनुदान उशिरा येतं, आणि हिंजवडी-खराडीच्या कंपन्या आपल्याच मुलांनी लिहिलेला कोड फुकट उचलून त्यावर कोट्यवधी कमावतात, कॉलेजला एक प्रिंटरसुद्धा देत नाहीत. मग कुलूप लावलं तर बिघडलं काय? शिवाय राष्ट्रीय क्रमवारीत पेटंटना गुण असतात. एखाद्या प्राध्यापकाचा कोड शंभर कॉलेजांत चालतो म्हणून त्याच्या विभागाला वेगळा रकाना नसतो. संस्था जे मोजलं जातं तेच पिकवणार. (आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये निव्वळ संगणक प्रणाली हा शोध मानलेलाच नाही. तरी लोक कोडला एखादं यंत्र जोडून अर्ज भरतच असतात.)

पैशाची गरज मला मान्य आहे, कुलूप मान्य नाही. जो कोड सरकारी अनुदानातून, विद्यार्थ्यांच्या फीमधून आणि फुकट मिळालेल्या श्रमातून झाला, त्याचे पैसे जनतेने एकदा दिलेले आहेत. अमेरिकेने १९८० मध्ये बे-डोल कायदा करून सरकारी पैशातल्या संशोधनाचे हक्क विद्यापीठांना घेऊ दिले. आपल्याकडे तसंच विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत आलं आणि पुढे मागे घेतलं गेलं. त्याऐवजी २०१५ मध्ये केंद्र सरकारने सरकारी खात्यांत ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं आणि सरकारी प्रणालींचा कोड खुला करण्याचं धोरण आणलं. अंमलबजावणी किती झाली हा वेगळा विषय, पण देशाने दिशा ती धरली होती. फुकट उचलणाऱ्यांचा राग असेल तर त्यावर औषध परवान्यातच आहे. एजीपीएल नावाचा परवाना आहे, त्याची आजची आवृत्ती २००७ ची; नुसत्या सर्व्हरवर चालवून सेवा विकणाऱ्यालाही त्यात बदललेला कोड वापरणाऱ्यांना द्यावा लागतो. कंपनीला ती अट नको असेल तर ती पैसे देऊन वेगळा करार मागेल. सदतीस जणांच्या संमतीने तो करार करा, सदतीस जणांत वाटा ठेवा, तासिकेवरच्या मॅडमना पहिला चेक द्या. मी आनंदाने सही करेन.

आणि परवाना बदलूच नये असंही नाही. मीही एके काळी जीपीएल म्हणजे गीता असं बोलायचो. आता बोलत नाही. चांगले बदल झालेले आहेत, आणि ते बघितले की काय लागतं ते कळतं. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या बीएसडी परवान्यात पूर्वी एक कलम होतं: या कोडचा उल्लेख असलेल्या प्रत्येक जाहिरातीत विद्यापीठाचं नाव छापा. त्या कलमाची नक्कल करून इतरांनी आपापली नावं घातली, आणि १९९७ च्या नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये जीपीएलचा जनक रिचर्ड स्टॉलमन याला अशी पंचाहत्तर वाक्यं सापडली. आपल्या लग्नपत्रिकांत ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’पासून चुलत आत्यापर्यंत नावं असतात, तसंच. २२ जुलै १९९९ ला विद्यापीठाने ते कलम काढून टाकलं. ते त्याला एकट्याने करता आलं, कारण हक्क त्याचे होते आणि काढलं जात होतं ते ओझं होतं. कुणाचं काही हिरावलं जात नव्हतं.

आपल्या अगदी जवळचं उदाहरण म्हणजे लोहित. रेड हॅट या लिनक्सवाल्या कंपनीने दिलेले हे भारतीय लिप्यांचे फाँट. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकमध्ये घडलेले. लिनक्सवर मराठी वाचणाऱ्या एका पिढीने देवनागरी बघितली ती लोहितमधून. आधी ते जीपीएलखाली होते. पण फाँट हा प्रोग्रॅमसारखा वागत नाही, तो कागदपत्रात जाऊन बसतो. मग ते कागदपत्रही जीपीएलखाली आलं का, हा वकिली प्रश्न उभा राहतो. २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून खास फाँटसाठी लिहिलेला ओपन फाँट परवाना घेतला. फाँट मुक्तच राहिले, फक्त वापरणाऱ्याच्या डोक्यातला प्रश्न गेला. ग्रोमॅक्स हे रेणूंच्या हालचालींचं गणित करणारं सॉफ्टवेअर. पाषाण रस्त्यावरच्या प्रयोगशाळांत त्याचं नाव नवं नाही. ते नेदरलँडमधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातून आलं, आणि ४.६ या आवृत्तीपासून जीपीएल सोडून जरा सैल अशा, म्हणजे बंद प्रणालीलाही जोडू देणाऱ्या, एलजीपीएलवर गेलं.

पण सह्या गोळा करण्याची खरी तपश्चर्या बघायची तर एलएलव्हीएमची. प्रोग्रॅमिंग भाषेतला कोड यंत्राला कळेल असा करणारे कंपायलर बांधायची ही साधनं. हेही इलिनॉयचंच. मुंबई आयआयटीतून शिकून गेलेले विक्रम अडवे आणि त्यांचा विद्यार्थी क्रिस लॅटनर यांनी २००० साली सुरू केलेलं. आज आयफोनच्या ॲप्सपासून रस्ट भाषेपर्यंत कितीतरी गोष्टी त्यावर उभ्या आहेत. त्याचा परवाना विद्यापीठाच्या नावाचाच होता. पेटंटबाबतची भाषा पुरेशी स्पष्ट नाही म्हणून अपाची परवाना घ्यायचं ठरलं, आणि २०१९ च्या जानेवारीपासून नवं योगदान नव्या परवान्याखाली यायला लागलं. जुन्याचं काय? जुन्या प्रत्येकाला शोधलं. कंपन्यांकडून कागद घेतले, एकेकट्या माणसांना ईमेल पाठवले, सापडले नाहीत त्यांच्या ओळींची यादी केली. हे काम वर्षानुवर्षं चाललं. विद्यापीठाचं नाव परवान्यातच होतं, पाठीशी ॲपल-गूगलचे वकील होते, तरी कुणी परिपत्रक काढलं नाही.

यावर आमच्याकडे एक शहाणपणाचा उपाय सुचवला गेला: यापुढे पहिल्याच दिवशी प्रत्येक मुलाकडून सगळे हक्क लिहून घ्या, म्हणजे कटकट नको. मी याच्या विरोधात आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाला समोर प्रॅक्टिकलचे गुण ठेवून सही मागणं ही संमती नव्हे. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेल्या भागात, २००४ पासून वेगळी रीत आहे: प्रत्येक पॅचखाली पाठवणारा एक ओळ लिहितो की हे मी लिहिलंय, किंवा मला द्यायचा अधिकार आहे, आणि या परवान्याखाली देतोय. हक्क त्याच्याकडेच राहतो. आम्हाला तेवढं पुरलं असतं. त्याहून जास्त उपयोग झाला असता तो एका क्षुल्लक गोष्टीचा: मुलांचे खरे ईमेल पत्ते. गिटच्या लॉगमध्ये सगळ्यांचे कॉलेजचे पत्ते होते, आणि ते पास झाल्यावर सहा महिन्यांत बंद होतात.

परिपत्रक शेवटी मागे घेतलं गेलं नाही. त्याच्यावर निविदेची सूचना लागली, तिच्यावर वसतिगृहाची, आणि ते खाली दडून गेलं. कंपनी वाट पाहून दुसरीकडे गेली. मीही दोन वर्षांनी निवृत्त झालो, पण या भानगडीतून सुटलो नाही, कारण कराड आणि इस्लामपूरच्या कॉलेजांना आमचा गाभा त्यांच्या स्वतःच्या प्रणालीत जोडायचा होता, आणि त्यांची प्रणाली जीपीएलवर नाही. गाभ्याला एलजीपीएल देणं मला रास्त वाटलं. म्हणजे जो बदल करण्याची भाषा संस्थेने केली तो मीच करायला निघालो, फक्त उलट्या दिशेने, आणि यादी हातात घेऊन.

सदतीसपैकी गाभ्यात हात लागलेले बावीस. लिंक्डइनवर, बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, एकाला त्याच्या सासऱ्यांच्या दुकानात फोन करून, असं करत सगळे सापडले. एकवीस जणांनी होकार लिहून पाठवला. बहुतेकांना आपण काय लिहिलं होतं ते आठवतही नव्हतं, एकाने विचारलं, “सर, ते अजून चालतंय?” बाविसावी ती तासिकेवरची मॅडम. आता बंगळुरूला मोठ्या हुद्द्यावर आहे. तिने शांतपणे नाही म्हटलं. “सर, मी तेव्हा जीपीएल पूर्ण वाचून कोड दिला होता. माझ्या ओळी कुणाच्या बंद प्रणालीला जोडल्या जाव्यात म्हणून दिल्या नव्हत्या. तुम्ही विचारलंत हे बरं केलंत, पण नाही.” मला तिचं म्हणणं पटत नाही. एलजीपीएलमध्ये तिच्या ओळी मुक्तच राहिल्या असत्या. पण माझ्या पटण्याचा इथं प्रश्न नव्हता, ओळी तिच्या होत्या.

म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत तिसऱ्या वर्षाची दोन मुलं ड्यूटी वाटपाचा भाग पहिल्यापासून लिहीत आहेत. नियम काय हवेत ते मी त्यांना कागदावर लिहून दिलंय, आणि तिचा कोड उघडायची सक्त मनाई केलीय. झाल्यावर तपासून कोण देणार, असं मुलांनी विचारलं. मी तिलाच मेसेज केला. ती हो म्हणाली. फक्त, वरती कुठला परवाना लावलाय ते आधी कळवा, म्हणाली.